मला खाली वाटलेला सूर

१९ मे, रविवार

आज चर्चमध्ये मे महिन्याचं गायन झालं. जेवण उत्तम, गाणं वाईट.

वाईट का झालं ते लिहूनच ठेवतो, म्हणजे मागाहून कुणी उलटसुलट सांगायला नको. ट्रेबलच्या बायका तोंडच उघडत नाहीत. आमच्याकडे पियानो नाही, पेटी नाही, सूर धरायला शिट्टीसुद्धा नाही. चार बाजूंना चार आवाजांची बाकं, बायकांचे उंच ट्रेबल आणि खालचा अल्टो, पुरुषांचे टेनर आणि खर्जातला बेस, मधे मोकळी जागा, तिथं उभा राहील त्यानं हात खालीवर करून ताल द्यायचा. सूर माणसाच्या डोक्यातून येतो. गेली चाळीसेक वर्षं तो माझ्या डोक्यातून येतो, त्याआधी आमच्या वडिलांच्या डोक्यातून यायचा. मी टेनरच्या पहिल्या बाकाच्या टोकाला बसतो. गाणं पुकारलं की मी सूर देतो, त्यावरून सगळे आपापला उचलतात, आधी सरगमीसारखी सुरांची नावं, फा-सो-ला, म्हणतात आणि मग शब्द. यात न जमण्यासारखं काय आहे?

आज सूर दिला तर ट्रेबल बसली. म्हणून जरा वर दिला, जान यावी म्हणून. आणखी बसली. जेवणानंतर अजून वर. तेवढ्यात ट्रेबलच्या पहिल्या बाकावरून माझी बहीण झेल्मा मला हातानं खूण करते, खाली घे, खाली घे! मला! मी गाणं थांबवलं, मधल्या जागेत जाऊन उभा राहिलो आणि चर्चच्या रीतीनं म्हणालो, "सिस्टर झेल्मा, आवाज गेला असेल तर त्यात लाज कसली? अल्टोत जाऊन बस."

झेल्मा उठली, पण अल्टोत गेली नाही. बाहेर झाडाखालच्या टेबलावरून तिनं आपल्या केळ्याच्या पुडिंगचं भांडं उचललं, निम्मं शिल्लक होतं, आणि गाडी सुरू करून निघून गेली. मला पुडिंग मिळालंच नव्हतं.

परत येताना इमोजीन एक शब्द बोलली नाही. बोलली असली तर पुटपुटली असेल. हल्ली माझी बायको पुटपुटतेच.

२३ मे, गुरुवार

उकाडा. मका गुडघ्याला लागला.

झेल्माचा फोन नाही. मी करायचं कारण नाही, मी काही खोटं बोललेलो नाही. अठ्ठ्याहत्तरी उलटली की आवाज जातोच. मी दोन वर्षांनी लहान, म्हणून माझा शाबूत आहे.

संध्याकाळी ओसरीवर बसलो होतो. या वर्षी रातकिडे नाहीत. शेजारच्या शेतावर इतकं औषध मारतात की एकही वाचलेला दिसत नाही. हॉईटला तसं म्हटलं, तर तो माझ्याकडे बघतच राहिला. हॉईट पिकेट माझा शाळेपासूनचा दोस्त, बेसच्या बाकावर बसतो. स्वभावानं सोनं, पण आजूबाजूला काय चाललंय याचा त्याला पत्ता नसतो.

ओव्हनची घंटाही बिघडली आहे. इमोजीन वाळलेले कपडे काढायला मागच्या अंगणात गेली होती, मी ओव्हनसमोरच कॉफी पीत होतो, आणि बिस्किटांचा कोळसा झाला. घंटा वाजलीच नाही. इमोजीन म्हणते, वाजली. तिला अंगणात ऐकू आली म्हणे! वाद घालायला या बाईला कशाचीही गरज लागत नाही.

२ जून, रविवार

झेल्मा उपासनेला आली नाही. तिच्या जागेवर कुणी बसलंही नाही. दोनच गाणी म्हटली, दोन्ही मधेच कोसळली. ट्रेबलच्या बायकांचे चेहरे लाल, मानेच्या शिरा ताठ, आणि आवाज म्हणाल तर नाही. आळस, दुसरं काय.

वडिलांची आठवण आली. कापसाच्या शेतातून घरी येताना ते वाटेत थबकायचे आणि म्हणायचे, "पोरांनो, सूर सांगा." झेल्मा माझ्या शेजारून चालायची. तिला तोंडातल्या तोंडात गुणगुणायची खोड. मी छाती भरून मोठ्यानं सूर द्यायचो, आणि दर वेळी बरोबर! वडील माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. पुढं त्यांनी टेनरच्या बाकाचं टोक मला दिलं तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. झेल्माला ट्रेबलचं टोक मिळालं, माझ्या कोपऱ्याला कोपरा लावून. तिथंही तिची खोड सुटली नाही. गाणं पुकारलं की मी सूर द्यायच्या आधी तिचं हूं-हूं चालू. इतकी वर्षं मी चालवून घेतलं. अलीकडे कुठं ती थांबली होती, तर आता ही रुसून बसली.

११ जून, मंगळवार

इमोजीननं पैज लावली आहे. "कानाच्या डॉक्टरणीकडे चल. कान ठणठणीत निघाले तर नुसती घंटा नाही, नवा ओव्हन घेते."

"आणि नाही निघाले तर?"

"तर ती सांगेल ते निमूट ऐकायचं."

मी लगेच हो म्हटलं. ओव्हन कुठला घ्यायचा तेही ठरवून ठेवलं आहे. निळा.

२० जून, गुरुवार

हे दवाखान्यात बाकावर बसून लिहितोय. तपासणी फार चांगली झाली. फ्रीजपेक्षा जरा मोठ्या खोलीत बसवलं, कानांवर डबे चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला मी भराभर दाबत सुटलो. मग बराच वेळ काहीच नाही. मशीन अडकलं असावं. मी काचेतून बाईला तशी खूणही केली. ती हसली. मोठी मायाळू मुलगी आहे. आता आत कागद तयार करते आहे. इमोजीन शेजारी बसून माझा हात धरते आहे, ओव्हनच्या काळजीनं असेल.

घरी

मशीन अडकलं नव्हतं.

तिनं कागदावर एक रेघ दाखवली. डावीकडून सरळ चालत येते आणि मग कड्यावरून पडल्यासारखी खाली जाते. "मिस्टर टिडमोर, उंच, बारीक आवाज तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. पाखरं, रातकिडे, घंटा. बायकांचे आवाज, लहान मुलांचे आवाज."

"कधीपासून?"

"बरीच वर्षं, हळूहळू. माणसाला कळत नाही. आपल्याला ऐकू येत नाही असं वाटतच नाही. समोरचे पुटपुटतात असं वाटतं."

इमोजीन खिडकीतून बाहेर बघत होती. "सांगत नव्हते का मी?" असं ती म्हणू शकली असती. म्हणाली नाही. त्यानंच मला जास्त लागलं.

बायकांचे आवाज. घरी येईपर्यंत डोक्यात तेवढंच होतं.

२१ जून, शुक्रवार

सकाळी इमोजीनला स्वयंपाकघरात उभं केलं आणि म्हटलं, वडिलांच्या आवडत्या गाण्यातलं ट्रेबल म्हण. मे महिन्यात दिला होता तोच सूर दिला. तिनं तोंड उघडलं. गोधडीखाली कुणी बोलावं तसं काहीतरी मला ऐकू आलं. पण डोळे तर शाबूत आहेत माझे. तिचा चेहरा लाल झाला, मान ताणली गेली, वरच्या जागेवर ठसका लागला आणि ती खुर्ची धरून उभी राहिली.

मग म्हणाली, "आता माझ्या सुरात म्हणू?" आणि खालून सुरुवात केली. मला तेवढंच ऐकू आलं, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पण तिचे खांदे खाली आले, डोळे मिटले गेले आणि गाणं शेवटपर्यंत गेलं. गाणं संपल्यावर ती हसत होती.

म्हणजे मला ऐकू यावं म्हणून मी त्या बायकांना वर चढवत होतो. वर, अजून वर, पार छपरावर. आणि पडल्या की म्हणत होतो, यांना चढता येत नाही.

झेल्मा मला खाली घे म्हणत होती. झेल्माचं बरोबर होतं. हे वाक्य लिहिताना हात अडखळला, म्हणून सवयीसाठी पुन्हा लिहितो. झेल्माचं बरोबर होतं.

२५ जून, मंगळवार

रोज प्रार्थना करतोय. देवाला स्पष्ट सांगितलं की कान परत दे, म्हणजे मी सगळं नीट करतो. त्यानं काही उत्तर दिलं नाही. निदान मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं तरी नाही.

म्हणून स्वतःच डोकं चालवलं. जुलैत आमचं वर्षाचं मोठं गायन असतं. त्याआधी सांगायचं की गुडघे दुखतात, उठबस होत नाही, सूर आता दुसऱ्या कुणीतरी द्यावा. कुणाला दुखवायला नको आणि काम फत्ते. गुडघे तसे खरोखरच दुखतात.

इमोजीन बटाटे सोलत होती. माझ्या तोंडासमोर येऊन, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "आणि झेल्मा?"

"तिचं काय?"

"तू गुडघ्यांचं कारण सांगून बाजूला झालास, तर तिचा आवाज गेला हेच खरं राहील. तू ते सगळ्यांसमोर म्हणाला आहेस. ती मरेपर्यंत लोक तेच धरून चालतील. ती पुन्हा त्या बाकावर कशी बसेल, सांग?"

बटाट्याचं साल माझ्या शर्टावर उडालं. मी ते बराच वेळ झटकत राहिलो.

३० जून, रविवार

उपासना झाल्यावर एल्डर पर्व्हिसना दफनभूमीच्या कुंपणापाशी गाठलं आणि सगळं सांगितलं. ते आमचे पाद्री, वयानं माझ्याहून लहान, पण माझ्याशी बोलायला घाबरत नाहीत. मी म्हणालो, फार वाईट वाटतंय, रात्री झोप नाही.

"झोपा की मग," ते म्हणाले. "ब्रदर आर्वेल, तुम्ही जागं राहून झेल्माबाईंचा काय फायदा? चूक कळली ती देवाची कृपा. वाईट वाटणं ही नुसती सुरुवात. पुढचं काम पायांचं आहे."

"गुडघे दुखतात माझे."

"तिच्या घरापर्यंत जाण्याइतके बरे आहेत."

बरोबर आहे त्यांचं. नांगरताना तास वाकडा गेला तर शेतात उभं राहून कुणी रडत नाही. खेचर वळवायचं आणि सरळ धरायचं. हे मला आधीच सुचायला हवं होतं. आता सुचलंय तर जमेल, त्यात शंका नाही.

६ जुलै, शनिवार

झेल्माकडे गेलो. ती ओसरीवर घेवडा सोलत होती. बस म्हणाली नाही, मीच बसलो. समोर टोपली होती, मीही शेंगा सोलायला घेतल्या.

"कान गेलेत माझे," मी म्हणालो. "डॉक्टरणीनं दाखवलं. तुझा आवाज गेलेला नाही. मी चुकलो, आणि चुकलो ते सगळ्यांसमोर, म्हणून सांगणारही सगळ्यांसमोर. आधी तुझ्याकडे आलो."

ती शेंगा सोलतच होती. मग बोलली, माझ्याकडे तोंड करून, मोठ्यानं. इमोजीननं पढवलं असणार. "माफी मागायला आलास, की आणखी काही?"

"आणखीही आहे. सूर तू दे."

"त्या चर्चमध्ये बाईनं कधी दिलाय सूर?"

"नाही दिला. तेही चुकलंच आमचं."

"आर्वेल, माफी देते. ती तू ओसरीची पायरी चढलास तेव्हाच दिली. पण सूर सोपा नाही. मी सूर दिला की तुला तो खाली वाटणार. मग तुझा हा अंगठा वर जाणार." तिनं शेंगेनं माझ्या अंगठ्यावर टोचलं. सूर चढवायचा असला की मी अंगठा वर करतो, सगळे तो बघतात, हे खरं आहे. "तुझा अंगठा दिसला की निम्मी माणसं तुझ्यामागून जातील. चाळीस वर्षांची सवय आहे त्यांना. मग मी उठेन, आणि या खेपेला परत येणार नाही."

"नाही करणार वर."

"तुला पटलेलं नसताना माझ्या सुरात गाशील?"

"गाईन."

तिनं पुढची शेंग उचलली. मग मी सहज म्हणालो, की तुझं ते हूं-हूं बंद झालं तेव्हापासूनच सगळं बिघडलं बहुतेक.

झेल्माचे हात थांबले. "बंद? मी एकदाही बंद केलं नव्हतं रे. मे महिन्यात तर इतक्या जोरात दिलं की मागच्या बाकावरच्या बायका हसत होत्या. तूच घेत नव्हतास."

शेतातून घरी येतानाचं ते आठवलं. वडील थबकलेले, ती माझ्या शेजारी. त्याबद्दल आज लिहीत नाही. आधी नीट बसून विचार करायला हवा.

निघताना तिनं घेवडा बांधून दिला. माझ्याच हातचा सोललेला होता, त्यामुळे निम्म्यात सालं.

११ जुलै, गुरुवार

कानातली यंत्रं आली. रातकिडे जिवंत आहेत! सगळेच्या सगळे! ओसरीवर बसलो आणि इतक्या मोठ्यानं ओरडलो की इमोजीन धावत बाहेर आली. शेजाऱ्याच्या औषधाबद्दल मी गावभर बोललो होतो, ते आता निस्तरावं लागणार.

गाण्याला मात्र यंत्रांचा उपयोग नाही. चार जण एकत्र गायले की पत्र्याचा डबा बडवल्यासारखं होतं. डॉक्टरीण म्हणाली, गाताना काढून ठेवा. म्हणजे गायनाच्या दिवशी मी पुन्हा होतो तिथंच.

हॉईटला सांगितलं, सूर झेल्मा देणार. तो म्हणाला, "बाई सूर देणार असेल तर मी जेवायला येईन, गायला नाही."

"मग माझ्या शेजारची जागा रिकामी राहील. मी आता बेसमध्ये बसणार."

"तू? बेसमध्ये?"

"झेल्मा म्हणते, तिथं मला ऐकू तरी येईल."

हॉईट हसू दाबायला गेला आणि कॉफी नाकात गेली. त्यामुळे गायनाचं उत्तर राहूनच गेलं.

२७ जुलै, शनिवार

इमोजीन कोंबडी तळते आहे. झेल्माला फोन करून सूर देताना काय काय सांभाळायचं ते सांगितलं. उकाड्यात सूर उतरतो, जेवणानंतर माणसं जड होतात, वगैरे. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झालं? आता झोप." उद्याचं नीट होणार. मी देवावर सोपवलं आहे, आणि जे देवाला जमण्यासारखं नाही, म्हणजे माझा अंगठा, तो मी सांभाळेन.

२८ जुलै, रविवार

सगळं क्रमानं लिहितो.

चर्च भरलं होतं, दूरदूरची माणसं आली होती. झेल्मा केळ्याचं पुडिंग घेऊन आली आणि आपल्या जागी, ट्रेबलच्या टोकाला बसली. टेनरचं टोक मोकळं होतं. तिथं ये म्हणून कुणीतरी तिला सुचवलं, तर म्हणाली, "मी इथूनच द्यायची, इथूनच देईन."

एल्डर पर्व्हिसनी प्रार्थना केली. मग मी उठलो आणि मधल्या जागेत गेलो, मे महिन्यात उभा होतो तिथंच. भाषण पाठ केलं होतं, ते काही आठवलं नाही. "मे महिन्यात मी इथं म्हणालो की सिस्टर झेल्माचा आवाज गेला. तिचा आवाज आहे तिथंच आहे, माझे कान गेले होते. ट्रेबलच्या सगळ्या बायकांना मी ओरडलो, त्यांची माफी मागतो. चाळीस वर्षं या चर्चमधला सूर माझ्या तोंडातून आला. माझ्या डोक्यातून आला की नाही, ते सिस्टर झेल्माला विचारा. आजपासून तीच देईल."

झेल्मा मांडीवरच्या पुस्तकाकडे बघत होती. मग पलीकडून हॉईटचा आवाज आला, "अरे, मग बस की आता! गायचंय की नाही?" हॉईट होता तर. त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

पहिली काही गाणी मी मांडीखाली हात घेऊन म्हटली. जेवणाआधी ताल द्यायची माझी पाळी आली. वडिलांचं गाणं पुकारलं आणि पुन्हा मधे गेलो. यंत्रं काढून शर्टाच्या खिशात टाकली. उजवा हात तालासाठी लागतो. डावा पँटच्या खिशात घातला आणि अंगठा मुठीत घट्ट धरला.

झेल्मानं सूर दिला. तो मला ऐकू आला नाही, नुसते ओठ हललेले दिसले. बेस आणि टेनरनी तो उचलला, तेव्हा आला. खाली होता. इतका खाली की माझ्या अंगातलं हाडन् हाड म्हणत होतं, वर घे, हे मेलेलं आहे, वडिलांचं गाणं मातीत चाललंय. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. हॉईटसुद्धा. झेल्मा माझ्या खिशाकडे बघत होती.

मी मनात म्हटलं, देवा, मला पटलेलं नाही. आणि हात खाली आणला.

फा-सो-ला सुरू झालं. ट्रेबलच्या बाजूनं माझ्यापर्यंत काहीच येत नव्हतं. म्हणून मी बघत होतो. कुणाची मान ताणलेली नव्हती, चेहरा लाल नव्हता. मागच्या बाकावर एक नव्वदीची म्हातारी आहे, ती या वर्षी ओठसुद्धा हलवत नव्हती; तिनं डोळे मिटून तोंड आभाळाएवढं उघडलं होतं. शब्द सुरू झाले तेव्हा जुन्या फळ्यांची जमीन थरथरत बुटांच्या तळव्यांतून वर चढायला लागली, पोटऱ्यांपर्यंत. इतकी ती माझ्या सुरात कधी हलली नव्हती. समोर हॉईट रडत होता आणि गातही होता. एक कडवं झालं, मी दुसरं घेतलं. मग पुन्हा पहिलं घेतलं, सोडवेना म्हणून.

जेवणाला टेबलापाशी झेल्मा आली. माझ्या ताटात तिनं पुडिंगचा मोठा डाव घातला, मे महिन्याचासुद्धा असावा एवढा. मी यंत्रं कानात घातली तोवर ती थांबली.

"कसा वाटला?"

"खाली होता."

"ते मला माहीत आहे. कसा होता, ते सांग."

"बरोबर होता."

"ऐकू आला तुला?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं डाव पुन्हा भरला.